मागच्या सीटवरची माणसं

१ ऑक्टोबर १९५६. लंडनचं हिथ्रो विमानतळ, मुसळधार पाऊस, ढग जमिनीला टेकल्यासारखे. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाचा दौरा आटोपून ब्रिटनचं नवंकोरं बॉम्बर विमान परत येत होतं. नाव व्हल्कन, नंबर एक्सए ८९७. चंदेरी त्रिकोण, चार जेट इंजिनं, आणि त्या काळात बघणाऱ्याला हे परग्रहावरून आलंय असं वाटावं असा आकार. स्वागताला अधिकारी होते, पत्रकार होते, घरची माणसं होती.

विमानात सहा जण होते. पुढे कॉकपिटमध्ये दोघं: स्क्वाड्रन लीडर हॉवर्ड हे कॅप्टन, आणि शेजारी को-पायलटच्या जागी एअर मार्शल सर हॅरी ब्रॉडहर्स्ट, म्हणजे अख्ख्या बॉम्बर कमांडचे प्रमुख. मागे चौघं: हवाई दलाचे तीन अधिकारी आणि विमान बनवणाऱ्या अॅव्हरो कंपनीचा एक तांत्रिक प्रतिनिधी.

धावपट्टी दिसत नव्हती. खाली रडारसमोर बसलेला नियंत्रक रेडिओवरून विमानाची वाट सांगत होता: थोडं डावीकडे, थोडं वर आहात, आता ठीक. ठरलेल्या उतरत्या रेषेपेक्षा तुम्ही ८० फूट वर आहात, असं त्याने सांगितलं. त्यानंतर काही सेकंदांतच विमान धावपट्टीच्या अलीकडे एका शेतात आपटलं. चाकं उखडली गेली. विमान तसंच पुन्हा हवेत उठलं, पण आता ते कुणाचंच ऐकत नव्हतं. हॉवर्डनी सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं आणि इजेक्शन सीट ओढली. ब्रॉडहर्स्टनी कंट्रोल हलवून पाहिले, काही होत नाही म्हटल्यावर तेही बाहेर पडले. दोघं वाचले. विमान धावपट्टीवर कोसळून पेटलं आणि मागचे चौघं गेले.

त्या चौघांनी सीट ओढली नाही, कारण त्यांच्या सीटला ओढण्यासारखं काही नव्हतंच. व्हल्कनमध्ये इजेक्शन सीट फक्त दोन होत्या.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, सुरुवातीचं विमान आहे, काहीतरी राहून गेलं असेल, पुढच्या व्हर्जनमध्ये दुरुस्त केलं असेल. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे ‘पुढच्या व्हर्जनमध्ये’ हा शब्द माझ्या तोंडात कायम असतो. पण व्हल्कन १९८४ पर्यंत सेवेत होतं. त्या २८ वर्षांत इंजिनं बदलली, पंख बदलले, आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बदलली. मागच्या सीट बदलल्या नाहीत. हा लेख त्या न झालेल्या बदलाबद्दल आहे.

आधी विमानाची रचना नीट बघू, कारण सगळा प्रश्न तिच्यातच दडलाय.

दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटनने अणुबॉम्ब वाहून नेणारी तीन जेट बॉम्बर बनवली: व्हॅलियंट, व्हल्कन आणि व्हिक्टर. तिघांची नावं ‘व्ही’वरून, म्हणून ही ‘व्ही-बॉम्बर्स’. तिन्हींमध्ये साधारण पाच जणांचा चमू. पुढे दोन पायलट. त्यांच्या मागे, विमानाच्या शेपटीकडे तोंड करून बसलेले तिघं: दोन नॅव्हिगेटर आणि एक इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारा अधिकारी. त्यांच्यासमोर काचा नाहीत, आभाळ नाही. डायल, रडारचा पडदा, नकाशे, वर कडेला दोन छोट्या गोल खिडक्या. थोडक्यात, एक अंधारं ऑफिस, जे ४०-५० हजार फुटांवरून उलटं तोंड करून उडतंय.

पायलटांच्या सीटखाली स्फोटकं होती. हँडल ओढलं की वरचं छत उडायचं, सीट रुळावरून बंदुकीच्या गोळीसारखी बाहेर फेकली जायची आणि पॅराशूट उघडायचं. या सीट बनवणारी कंपनी मार्टिन-बेकर. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक, कॅप्टन बेकर, १९४२ मध्ये स्वतःच्याच कंपनीच्या विमानाची चाचणी घेताना गेले. त्यानंतर जेम्स मार्टिन यांनी वैमानिक वाचवणं हाच आयुष्याचा धंदा केला. मित्राच्या मरणातून जन्मलेली सीट आहे ती.

मागच्या तिघांनी मात्र असं करायचं: पट्टे सोडायचे, ऑक्सिजनची नळी काढायची, उठायचं, दारापर्यंत पोचायचं, दार उघडायचं आणि त्यातून बाहेर पडायचं. पॅराशूट पाठीवर असायचं. व्हल्कनमध्ये हे दार पोटात होतं, आणि पुढच्या चाकाचा दांडा त्या दाराच्या बरोबर मागे. विमान उतरत असेल, म्हणजे चाकं खाली असतील, तर बाहेर पडणारा माणूस थेट त्या दांड्यावर आदळण्याची भीती. म्हणजे अपघात जिथे सगळ्यात जास्त संभवतो, त्या उतरण्याच्या वेळेलाच हे दार सगळ्यात कमी उपयोगाचं.

आता कुणी म्हणेल, असं डिझाइन करणारे इंजिनियर निर्दय होते. तसं नव्हतं. १९४७ च्या सुरुवातीला या विमानांसाठी जी मागणी कागदावर आली, तिच्यात पूर्ण केबिनच विमानापासून सुटी होऊन पॅराशूटने खाली यावी, अशी कल्पना होती. सगळे एकत्र सुटतील, कुणी पुढचा नाही, कुणी मागचा नाही. पण पाच माणसांसकट विमानाचं नाक हवेत तोडून सुखरूप उतरवणं त्या काळच्या तंत्रज्ञानाला झेपेना. कल्पना सोडून द्यावी लागली. मग उरलं काय? पायलटांना नवीन सीट, बाकीच्यांना जुनं दार.

आणि त्यालाही एक कारण होतं, बऱ्यापैकी पटणारं. बॉम्बर उंचावरून उडणार. काही बिघडलं तर पायलट विमान सरळ धरून ठेवतील, मागचे तिघं एकेक करून दारातून बाहेर पडतील, आणि शेवटी पायलट. पण शेवटच्या माणसाने हँडल सोडलं की विमान गडगडणार, त्याला उठून दारापर्यंत जायला वेळच मिळणार नाही. म्हणून जो शेवटी निघणार त्याला सगळ्यात वेगवान वाट. याला मी भेदभाव म्हणणार नाही. ही रांग आहे, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाची सोय आहे.

ही रांग प्रत्यक्षात चाललीही. १२ जानेवारी १९५२ ला व्हॅलियंटच्या पहिल्या नमुन्याला हवेतच आग लागली. मागचे तिघं आधी दारातून बाहेर पडले आणि तिघंही वाचले. मग पायलट आणि को-पायलट इजेक्ट झाले. को-पायलटची सीट विमानाच्या उभ्या शेपटीवर आदळली आणि तो गेला. त्या दिवशी मेला तो इजेक्शन सीटवाला. १९५९ मध्ये एक व्हल्कन उड्डाणानंतर लगेच वीज गेल्यामुळे पडलं, पायलटांनी ते पुरेसा वेळ धरून ठेवलं आणि सगळे सुटले. ८ जानेवारी १९७१ ला आणखी एका व्हल्कनचं इंजिन फुटलं. कॅप्टन बॉब अल्कॉक यांनी मागच्या तिघांना बाहेर काढलं, मग को-पायलटला, आणि विमान वस्तीपासून दूर वळवल्यावरच स्वतः सुटले. ते विंगेट गावाजवळ पडलं. कुणीही गेलं नाही. डिझाइन करणाऱ्यांच्या डोक्यात जे चित्र होतं, ते हुबेहूब हेच.

म्हणजे योजना चूक नव्हती. तिच्यात एक गृहीतक होतं: वेळ मिळेल. उंची आहे म्हणजे वेळ आहे.

हिथ्रोला उंची नव्हती. प्रत्येक उड्डाणात दोनदा, चढताना आणि उतरताना, ती नसते. हे १९४७ मध्येही माहीत असणार. पण कुठल्याही डिझाइनमध्ये काही प्रसंग सोडून द्यावे लागतात, आणि हा सोडला असं आपण उदार मनाने समजू.

यानंतर जे झालं ते मला जास्त अस्वस्थ करतं. १ मे १९६० रोजी (होय, महाराष्ट्राचा पहिला दिवस) सोव्हिएत क्षेपणास्त्राने अमेरिकेचं यू-२ हे टेहळणी विमान प्रचंड उंचीवर गाठून पाडलं. उंचावरून उडालं की सुरक्षित, हा समज त्या दिवशी संपला. ब्रिटनच्या बॉम्बर दलाने १९६३-६४ च्या सुमारास डावपेच बदलले: आता रडारच्या नजरेखालून, जमिनीला खेटून उडायचं. टेकड्यांच्या आडून, काहीशे फुटांवरून. विमान तेच, माणसं तीच, दार तेच. पण ज्या गृहीतकावर ते दार टिकून होतं, तेच काढून घेतलं गेलं. काहीशे फुटांवर काही बिघडलं, तर पायलटांकडे सीट ओढण्याइतके क्षण असतात. मागच्यांकडे पट्टा सोडण्याइतकेही नसतात.

माझ्या धंद्यात हे रोज दिसतं. एखादा कोड एका गृहीतकावर लिहिलेला असतो, समजा, एकाच वेळी फार तर शंभर लोक येतील. पाच वर्षांनी धंदा वाढतो, लाख लोक येतात, गृहीतक मरतं, पण कोड तसाच राहतो, कारण तो अजून कोसळलेला नाही. कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं. फक्त जग बदललं तेव्हा जुना कागद उघडून ‘हे अजून खरं आहे का?’ असं विचारायची जबाबदारी कुणाच्याच नावावर नव्हती. फरक एवढाच की आमचा सर्व्हर पडला तर लोक चिडतात, मरत नाहीत.

पण व्हल्कनच्या बाबतीत ‘कुणाच्या लक्षात आलं नाही’ असंही म्हणता येत नाही. १ जुलै १९६० ला, यू-२ पडल्यानंतर दोन महिन्यांनी, मार्टिन-बेकरने एका उडत्या व्हॅलियंटच्या मागच्या भागातून, मागे तोंड केलेल्या इजेक्शन सीटवर बसवून, एक जिवंत माणूस बाहेर काढला. डॉडी हे त्याचं नाव. सीट चालली. माणूस सुखरूप खाली आला. म्हणजे ‘हे शक्यच नाही’ हे उत्तर त्या दिवशी बाद झालं. तिकडे अमेरिकेच्या बी-५२ मध्ये खालच्या मजल्यावरच्या नॅव्हिगेटरांना खालच्या दिशेने उडणाऱ्या इजेक्शन सीट होत्याच. त्यांनाही उंची लागायचीच, पण निदान सीट होती.

तरी ब्रिटनच्या विमानांत त्या बसल्या नाहीत. खर्च होता, काम अवघड होतं, आणि त्यासाठी विमानं महिनोन्महिने कारखान्यात उभी ठेवावी लागणार होती. शीतयुद्धात अणुबॉम्बर कारखान्यात उभं म्हणजे तेवढ्या दिवसांपुरती धाक घालण्याची ताकद कमी. पुढे मागच्या लोकांसाठी वळणाऱ्या सीट आणि हवा भरून माणसाला उभं करणाऱ्या उशा आल्या. दारापर्यंत लवकर पोचता यावं म्हणून. दार मात्र तेच.

११ मे १९६४, इंग्लंडमधल्या अँडोव्हरजवळ एक व्हल्कन गिरकी घेत कोसळलं. दोघे पायलट वाचले, मागचे चौघं गेले. गिरकी घेणाऱ्या विमानात शरीराचं वजन अनेक पटींनी वाढतं, उठून उभं राहणंच अशक्य होतं, उशी असो वा नसो. ३० जानेवारी १९६८, कॉट्समोर: दोघे पायलट वाचले, मागचे चौघं गेले. १४ ऑक्टोबर १९७५, माल्टा: उतरताना चाकं तुटली, टाकी फुटली, विमान पुन्हा उठलं आणि झब्बार गावावर हवेतच पेटून फुटलं. दोघे पायलट वाचले. मागचे पाचही गेले, आणि खाली रस्त्यावरची एक बाईही. ही वाक्यं मी मुद्दाम एकसारखी ठेवली आहेत. ती घडलीच तशी आहेत.

आता खरा प्रश्न.

हिथ्रोनंतर लोकांच्या मनात आलेला पहिला प्रश्न मला समजतो, पण तो योग्य वाटत नाही. तो असा: एअर मार्शल आपल्या माणसांना सोडून कसे बाहेर पडले? जहाजाचा कप्तान शेवटी उतरतो, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली. पण कप्तान थांबतो तो उरलेल्यांना काही मदत व्हावी म्हणून. अल्कॉक थांबले, कारण थांबून उपयोग होता. हिथ्रोला विमान ऐकतच नव्हतं. ब्रॉडहर्स्ट बसून राहिले असते तर चाराऐवजी पाच गेले असते, एवढाच फरक.

समतेवर लिहिताना डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने हाच पेच मांडला होता. समता ही स्वतःहूनच चांगली असेल, तर डोळस माणसांना आंधळं केल्यानेही जगात काहीतरी सुधारलं असं म्हणावं लागेल, कारण आता सगळे सारखे झाले. हे कुणालाच पटत नाही. मग विषमतेत वाईट आहे तरी काय? नुसता फरक वाईट नसेल, तर फरकामागचं काय वाईट आहे?

हिथ्रोच्या धावपट्टीवर मला या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. तिथे शेवटच्या दोन-चार सेकंदांत कुणीच काही अन्याय केला नाही. चौकशीत नियंत्रकाने खाली घसरल्याची सूचना दिली नाही हे निघालं, पायलट ठरलेल्या उंचीखाली उतरला हेही निघालं, आणि संसदेत हवाई खात्याचे मंत्री नायजेल बर्च यांना त्यावर निवेदन करावं लागलं. चुका झाल्या. पण त्या चुकांमुळे विमान पडलं. कोण जगणार आणि कोण नाही, हे काही त्या चुकांनी ठरवलं नाही. ते सहा जण विमानात चढले तेव्हाच ठरलेलं होतं. कोण कुठे बसला यावर.

इथे एक बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण ती माझ्याच क्षेत्राची आहे. कुठलीही चांगली गोष्ट सगळ्यांना एकदम मिळत नाही. आम्ही नवीन फीचर आधी थोड्या लोकांना देतो, मग थोड्या अजून. लस आधी कुणालातरी मिळते. महायुद्धात लँकेस्टर बॉम्बरमध्ये सात जण असायचे आणि इजेक्शन सीट कुणालाच नव्हती. बॉम्बर कमांडची ५५,५७३ माणसं त्या युद्धात गेली. तिथे कुणी म्हटलं नाही की हा भेदभाव आहे. मग शून्यावरून दोन सीट झाल्या, तर ती प्रगतीच ना? दोन माणसं वाचू शकतात म्हणून तक्रार करायची, आणि एकही वाचू शकत नव्हतं तेव्हा गप्प बसायचं, हे कसलं तर्कशास्त्र?

मी यावर बरेच दिवस अडकलो होतो. मला वाटतं, उत्तर तारखांमध्ये आहे. १९५२ मध्ये पुढच्या दोन सीट म्हणजे पहिला टप्पा होता. पहिल्या टप्प्यात मागे राहिलेल्या माणसाला आपण सांगू शकतो, ‘अजून जमलेलं नाही, पण तुझ्यासाठीही प्रयत्न चालू आहे.’ हे सांगता येतंय तोवर त्या फरकात अपमान नाही. १ जुलै १९६० ला दुसरा टप्पा जमला. आणि तो बासनात गेला. त्या दिवसानंतर त्याच सीट, त्याच जागी, तेवढ्याच दोन, पण त्यांचा अर्थ बदलला. आता मागच्या माणसाला सांगायचं ते असं होतं: ‘जमतंय, पण तुझ्यासाठी एवढा खर्च करायचा नाही असं ठरलंय.’

विमानातला एक स्क्रूही न हलता असा अर्थ बदलू शकतो. म्हणूनच तो कुणाला दिसत नाही. काही न करण्याच्या निर्णयाखाली सही नसते. ‘आत्ता नको’, ‘पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये बघू’, ‘विमानं आता किती वर्षं राहणार आहेत’. यातलं प्रत्येक वाक्य समंजस आहे. ऑफिसात अशी वाक्यं मी दर सोमवारी ऐकतो आणि त्यातली बरीचशी योग्यही असतात. १९६९ मध्ये ब्रिटनच्या अणुबॉम्बची मुख्य जबाबदारी पाणबुड्यांकडे गेली, तेव्हा तर व्हल्कनवर आणखी पैसा घालणं कुठल्याही हिशेबनिसाला वेडेपणा वाटला असता. माल्टा त्यानंतर सहा वर्षांनी.

‘पण त्यांना माहीत होतं, ते स्वतःहून गेले’ असाही युक्तिवाद होतो. माहीत होतं हे खरं. रोज त्याच दारातून आत चढायचे ते. पण नॅव्हिगेटरला हवाई दल सोडण्याची मुभा होती, सीट निवडण्याची नव्हती. आणि जिथे सगळ्यांनीच धोका पत्करलेला आहे तिथे संमती ही धोक्याला असते, वाटणीला नाही.

याहून कडवा आक्षेप वेगळा आहे, आणि तो मला नीट सोडवता आलेला नाही. हे विमान बनवलं होतं कशासाठी? एका फेरीत एक शहर संपवण्यासाठी. ज्या दिवशी ते खरं काम करायला निघालं असतं, त्या दिवशी खाली लाखो माणसांना ना सीट होती ना दार. असल्या यंत्रात मागच्या तिघांच्या न्यायाची चर्चा करणं म्हणजे कत्तलखान्यात कामगारांच्या चपलांची चर्चा करणं नाही का? मला वाटतं, थोडंसं तसं आहे. पण कामगारांच्या चपलांची चर्चा तरी करावीच लागते. उलट मला एक शंका येते: ज्या हिशेबात दूरच्या शहरातली माणसं एक आकडा होतात, त्याच हिशेबाला जवळच्या मागच्या सीटवरची तीन माणसं आकडा वाटायला फारसा वेळ लागत नसावा. हे सिद्ध करता येत नाही. शंका म्हणूनच ठेवतो.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून द्यावा तर तेही जमत नाही. भारतीय हवाई दलाने ब्रिटनकडून कॅनबेरा बॉम्बर घेतली. १८ डिसेंबर १९६१ ला गोव्यातल्या दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते पुण्याहून उडालेल्या कॅनबेरांनी. आपण घेतलेल्या कॅनबेरांचा मुख्य प्रकार होता बी(आय)५८, ब्रिटिश बी(आय)८ वर बेतलेला. त्यात पायलट वर काचेच्या घुमटाखाली इजेक्शन सीटवर, आणि नॅव्हिगेटर पुढे नाकात, सीटशिवाय. त्याच्यासाठी बाजूला एक दार. इथे तर ‘मागची सीट’ पुढे होती, आणि संबंध फक्त दोघांचा. दोनच माणसं, एकमेकांचा आवाज कानात, आणि त्यातल्या एकालाच हँडल. कॅनबेरा आपल्याकडे २००७ पर्यंत उडत होती. म्हणजे तुमच्यातले जे पुण्यात वाढले आणि नगर रस्त्यावरून वर बघत शाळेत गेले, त्यांच्या आईवडिलांनी तरी ती नक्की पाहिली असेल.

आणि गाड्या. आपल्याकडे २०१९ मध्ये चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, २०२१ मध्ये शेजारच्या सीटसाठीही. सहा एअरबॅग सक्तीच्या करायचा प्रस्ताव आला, चर्चा झाली, पुढे ढकलला गेला, मग सक्ती नको असं ठरलं. कारणं ओळखीचीच आहेत: किंमत वाढेल, ग्राहक आता स्वतःच मागतायत. आता बऱ्याच गाड्यांत सहा येतात, त्यामुळे हा पहिला टप्पा आहे की बासन, हे मला अजून सांगता येत नाही. पण पुढे मुलगा आणि सून, मागे आई-बाबा आणि नात, असं पुणे-कोल्हापूर जाणारं कुठलंही कुटुंब बघा. चालवणाऱ्याने सीट निवडली, त्यात त्याचं काही चुकलं नाही. हिथ्रोला हॉवर्ड यांचंही नव्हतं.

बर्नार्ड विल्यम्स नावाच्या तत्त्वज्ञाने एका ट्रकवाल्याचं उदाहरण दिलंय. त्याची काहीही चूक नसताना त्याच्या ट्रकखाली एक मूल येतं. आपण त्याला सांगतो, तुझा दोष नाही. पण तो जर लगेच ‘हो, खरंच नाही’ म्हणून चहा प्यायला गेला, तर आपल्याला तो माणूस विचित्र वाटेल. दोष नसूनही काहीतरी आपलं असतं. इजेक्शन सीटवरून खाली आलेल्या पायलटांनी ते कसं वागवलं असेल याची कल्पना मी करू धजत नाही. मला एवढं मात्र जाणवतं की ते ओझं त्यांच्यावर आलं, कारण ज्यांनी ठरवलं त्यांच्यावर ते आलं नाही. समितीला रात्री झोप न लागण्याची सोय नसते.

आता १९८२ कडे येतो. फॉकलंड युद्ध. निवृत्तीच्या दारात उभी असलेली व्हल्कन विमानं पहिल्यांदाच खऱ्या युद्धावर निघाली, असेन्शन बेटावरून, हजारो मैल समुद्रावरून, हवेतच पुन्हा पुन्हा इंधन भरत. प्रत्येकात सहा माणसं. इजेक्शन सीट दोन. हिथ्रोला २६ वर्षं झाली होती, डॉडी हे यांच्या उडीला २२.

३ जूनला त्यातल्या एका विमानाची, एक्सएम ५९७ ची, परतीच्या वाटेवर इंधन घेण्याची नळी तुटली. असेन्शन गाठणं आता शक्य नव्हतं. कॅप्टन नील मॅकडुगल यांनी ब्राझीलकडे, रिओकडे नाक वळवलं. पंखाखाली एक न सुटलेलं क्षेपणास्त्र लटकत होतं. परक्या देशात उतरायचं म्हणजे गुप्त कागद जवळ नकोत. म्हणून केबिनमधला हवेचा दाब काढला, मागच्या लोकांनी पोटातलं दार उघडलं आणि कागदांची जड पिशवी समुद्रात टाकून दिली. मग दार नीट बंद होईना. बऱ्याच झटापटीनंतर ते बसलं.

रिओला पोचले तेव्हा धावपट्टीभोवती एक चक्कर मारण्याइतकंही इंधन उरलं नव्हतं. त्यांनी चक्कर मारली नाही, उंचावरून थेट खाली येत विमान टेकवलं. इंजिनं थांबल्यावर ते पोटातलं दार पुन्हा उघडलं, शिडी खाली सोडली, आणि सहाही जण तिच्यावरून एकामागोमाग एक खाली उतरले.